पाच हजारांचं बिटकॉइन: रुपया आत कसा जातो आणि बाहेर कसा येतो

इचलकरंजीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी हिशेबाचं काम करते. जीएसटीची रिटर्न, टीडीएस आणि जून उजाडला की आयटीआरचे गठ्ठे. सुताची बिलं, मागाचं वीजबिल, कामगारांचा पगार हा आमचा रोजचा विषय. क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी, आमच्या टेबलावर आलं ते २०२२ च्या बजेटनंतर. त्यात सरकारनं क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लावला आणि जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस, म्हणजे व्यवहारातच आधी कापून घ्यायचा कर, सुरू केला. तेव्हापासून दर हंगामात दोन-चार पोरं मोबाईल पुढं करत येतात, "ताई, एवढं जरा बघा की, नोटीस तर येणार नाही ना?"

डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइननं एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला आणि चौकशी एकदम वाढली. घ्यावं की नाही, असं कोणी विचारत नव्हतं. सगळ्यांना घ्यायचं कसं एवढंच हवं होतं. मी दुसऱ्यांचे व्यवहार कागदावर बघितलेले, स्वतः कधी केलेले नव्हते. म्हणून जानेवारीत ठरवलं की ५,००० रुपये घालायचे. गेले तर एखादी साडी कमी घेतली म्हणायची. मात्र एक गोष्ट पक्की ठरवली होती. नुसतं घेऊन थांबायचं नाही. त्यातलं थोडं विकायचं, ते पैसे परत बँकेत आणायचे आणि रिटर्नमध्ये दाखवायचे. पैसे आत कसे घालायचे ते शिकवणारे व्हिडिओ पायलीला पन्नास आहेत. बाहेर कसे काढायचे हे शिकवणारा माणूस मला तरी भेटला नव्हता.

पहिलं काम म्हणजे एक्सचेंज निवडणं. एक्सचेंज म्हणजे रुपये घेऊन क्रिप्टो देणारं आणि क्रिप्टो घेऊन रुपये देणारं ॲप. मी फक्त एकच चाळणी लावली: ते एफआययूकडे, म्हणजे केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेलं आहे का. मार्च २०२३ मध्ये अर्थ मंत्रालयानं या धंद्याला मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणलं आणि तेव्हापासून ही नोंदणी सक्तीची झाली. डिसेंबर २०२३ मध्ये एफआययूनं नोंदणी नसलेल्या नऊ परदेशी एक्सचेंजना नोटिसा काढल्या. त्यात बायनान्स आणि कूकॉइनसारखी बडी नावं होती, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या वेबसाइट भारतात बंद पडल्या. पुढं या दोघांनी दंड भरून नोंदणी केली, बायनान्सला १८.८२ कोटींचा दंड झाला. ज्यांचे पैसे अशा ठिकाणी अडकून राहिले असते, त्यांचा विचार करा.

नोंदणी आहे म्हणजे सरकारनं हमी दिली, असं मात्र नाही. एफआययू बघतं ते काळ्या पैशाकडे. तुमचं नाणं सुरक्षित ठेवलंय का, भाव वाजवी लावलाय का, हे बघणं त्याचं काम नाही. बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, शेअर दलालाविरुद्ध सेबीकडे. इथं तसा दरवाजा नाही. आमचे सर दर वेळी एकच सांगतात, "कर लावला म्हणजे मान्यता दिली असं नव्हे. जुगारातल्या जिंकलेल्या पैशावर पण कर आहे."

ॲप घेतलं, मोबाईल नंबर टाकला, ओटीपी आला आणि इथवर सगळं सुरळीत झालं. मग केवायसी. पॅनचा फोटो, डिजिलॉकरमधून आधार आणि कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे-उजवीकडे फिरवून सेल्फी. यात पुरुषांना सहसा अडचण येत नाही. आम्हा बायकांची गाडी नावावर अडते. माझ्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. बँकेच्या पासबुकात आडनाव आधी आणि मग नवऱ्याचं नाव अर्धवट, कारण पूर्वी त्या रकान्यात तेवढीच अक्षरं बसायची. ॲपला ही तीन वेगळी माणसं वाटली आणि केवायसी नामंजूर झालं. ऑफिसात मी दुसऱ्यांची पॅन दुरुस्ती नेहमीच करते, स्वतःची राहून गेली होती. ती केली, नवं पॅन आलं, मग पुढं सरकलं. लग्नानंतर नावं जुळवून घेतलेली नसतील तर क्रिप्टो राहू द्या बाजूला, पण एकदा ते काम उरकून टाका. पुढं पीएफ काढतानाही तेच आडवं येतं.

बँक खातं जोडताना ॲप आपल्या खात्यात एक रुपया पाठवतं आणि बँकेकडून आलेलं नाव पॅनवरच्या नावाशी ताडून बघतं. माझं पगाराचं खातं गावातल्या एका सहकारी बँकेत आहे. तो रुपया तिथं पोचलाच नाही. राष्ट्रीयीकृत बँकेतलं जुनं बचत खातं दिलं आणि मिनिटभरात हिरवी खूण आली. त्यामुळं खातं आधी तपासून घ्यावं, आणि पैसे नेहमी स्वतःच्याच खात्यातून पाठवावेत. नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यातून पाठवलेली रक्कम ॲप परत लावतं आणि त्यात नको तितके दिवस जातात.

आता रुपये घालायचे. मला वाटलं होतं, क्यूआर स्कॅन केला की काम झालं. ते तसं नाही, आणि त्यामागं इतिहास आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार तोडायला सांगितलं होतं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. पण बँकांच्या मनातली भीती काही कोर्टाच्या आदेशानं गेली नाही. एप्रिल २०२२ मध्ये कॉइनबेस ही अमेरिकी कंपनी भारतात वाजतगाजत उतरली, यूपीआयनं खरेदी करा म्हणाली. त्याच दिवशी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं जाहीर केलं की कुठलं क्रिप्टो एक्सचेंज यूपीआय वापरतंय याची आम्हाला कल्पना नाही. काही दिवसांतच कॉइनबेसला ती सोय गुंडाळावी लागली. म्हणून यूपीआयचं बटण एखाद्या ॲपवर दिसतं, एखाद्यावर दिसत नाही, आणि आज दिसलेलं उद्या असेलच असं नाही.

माझ्या ॲपनं मला माझ्यापुरता एक खातेनंबर आणि आयएफएससी कोड दिला. तो नेट बँकिंगमध्ये बेनिफिशरी म्हणून टाकायचा आणि आयएमपीएस किंवा एनईएफटी करायचं. नवी बेनिफिशरी म्हटल्यावर माझ्या बँकेनं पहिल्या दिवशी रकमेला मर्यादा घातली. पाच हजार त्यात बसले. आयएमपीएस केलं, चहा घेऊन येईपर्यंत ॲपच्या पाकिटात ५,००० रुपये जमा. यूटीआर नंबर, म्हणजे बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, मी लिहून ठेवला. ही ऑफिसची सवय, पण पैसे मधेच अडकले तर ग्राहक सेवेवाला पहिल्यांदा तोच मागतो.

इथं एक फाटा आहे आणि नवीन माणूस नेमका त्यावरच वळतो. त्याला पीटूपी म्हणतात. एक्सचेंज मध्यस्थ असतं, पण रुपये थेट एका अनोळखी माणसाच्या खात्यात जातात किंवा त्याच्याकडून तुमच्या खात्यात येतात. यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेलं नाणं, बहुतेक असंच हातोहात फिरतं. भाव थोडा बरा मिळतो, टीडीएसची कटकट नाही असं सांगितलं जातं. तेही खरं नाही. समोरासमोरच्या व्यवहारात टीडीएस कापून भरायची जबाबदारी उलट घेणाऱ्यावरच येते, वर्षाची ठरावीक रक्कम ओलांडली की.

आमच्याकडच्या एका मागवाल्याच्या मुलानं असेच यूएसडीटी विकले. पैसे खात्यात आले, तोही खुश. काही आठवड्यांनी सूत व्यापाऱ्याला दिलेला चेक परत आला, तेव्हा कळलं की खात्यावर लीन लागलाय, म्हणजे बँकेनं पैसे अडवून ठेवलेत. त्याला पैसे देणाऱ्यानं ते दुसऱ्या राज्यातल्या कुणालातरी फसवून मिळवलेले होते. त्या फसलेल्या माणसानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तिथल्या सायबर पोलिसांनी पैशाचा माग काढला आणि साखळीतली सगळी खाती धरली, त्यात हेही आलं. मुलानं चोरी केली नव्हती. पण ते सिद्ध करायला ॲपमधली ऑर्डर, चॅटचे स्क्रीनशॉट, बँक स्टेटमेंट असं सगळं जुळवून परराज्यातल्या पोलिसांना पाठवत बसावं लागलं. वडील रोज ऑफिसात येऊन खुर्चीत बसायचे. "ओ ताई, कामगारांचा आठवडा कशातनं देऊ मी?" एवढंच विचारायचे. धंद्याचं चालू खातं त्या पोरानं क्रिप्टोला जोडलं होतं, हे खरं दुखणं. माझं म्हणणं स्पष्ट आहे: नवशिक्यानं पीटूपीच्या वाटेला जाऊ नये, आणि ज्या खात्यातून घर किंवा धंदा चालतो ते खातं या भानगडीत आणू नये.

खरेदीकडे येते. ॲप उघडल्यावर समोर मोठं बटण असतं, रक्कम टाका आणि घ्या. त्याच ॲपमध्ये, जरा आत गेलं की, खरी मंडई असते. कोण किती भावानं विकायला बसलंय आणि कोण किती भावानं मागतंय याची यादी. मी दोन्ही पडदे एकामागोमाग उघडून बघितले. मोठ्या बटणावरचा भाव यादीतल्या भावापेक्षा दीड-दोन टक्क्यांनी चढा होता. फी शून्य असं लिहिलेलं होतं. ती भावातच मुरवलेली होती. यादीतून घेतलं तर फी वेगळी दिसते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तरीही ते स्वस्त पडलं.

आणखी एक हिशेब मी केला. त्या दिवशी बिटकॉइन एक लाख डॉलरच्या आसपास, डॉलर ८६ रुपयांच्या घरात. गुणाकार केला तर ८६ लाख यायला हवेत. ॲपवर भाव होता ८९ लाख. ही चोरी नव्हे. आपल्याकडून बाहेर पैसे पाठवणं सोपं नाही, त्यामुळं इथं आलेल्या नाण्याला थोडा वरचा भाव मिळतो; यूएसडीटीसुद्धा डॉलरपेक्षा दोन-चार रुपये महागच असतो. विकतानाही तो वरचा भाव मिळतो म्हणून फारसं बिघडत नाही. पण टीव्हीवरचा डॉलरचा आकडा बघून कोणी रुपयांत हिशेब मांडत असेल तर तो चुकणार.

मी लिमिट ऑर्डर लावली, म्हणजे माझा भाव मी सांगितला आणि थांबले. थोड्या वेळानं ऑर्डर भरली. हातात आलं ०.०००५६ बिटकॉइन. एवढे लाख रुपये कुठून आणू, म्हणून मागं सरणाऱ्यांना हेच सांगायचं असतं की एका बिटकॉइनचे दहा कोटी तुकडे होतात. सगळ्यात छोट्या तुकड्याला सातोशी म्हणतात. माझ्याकडे छप्पन हजार सातोशी झाले. आकडा भारी वाटतो, किंमत पाच हजारच. उलट, दोन पैशाला मिळणाऱ्या कुठल्यातरी नाण्याची लाखभर नगं घेऊन 'स्वस्तात मिळालं' म्हणणारे बरेच भेटतात. स्वस्त-महाग नगावर ठरत नाही, हे सांगितलं की त्यांना मी अडाणी वाटते.

घेतलेलं ठेवायचं कुठं, हा पुढचा प्रश्न. एक्सचेंजवर ठेवलं तर चावी त्यांच्याकडे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून, म्हणजे नाणी ठेवायच्या डिजिटल तिजोरीतून, तेवीस कोटी डॉलरहून जास्त किमतीची क्रिप्टो चोरीला गेली, व्यवहार थांबले आणि ते परत सुरू व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलं तर चावी आपल्याकडे, बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची. ते शब्द गेले की माल गेला. कोणी ते वाचले तरी गेला. फोटो काढून गॅलरीत ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली दाराला लटकवणं. मी बाहेर पाठवायचा पडदा उघडून बघितला. काही ॲप बाहेर पाठवूच देत नाहीत, म्हणून हे खरेदीच्या आधी बघायला हवं. माझं देत होतं, पण पाठवायची फी माझ्या पाच हजारांच्या मानानं डोळ्यात भरण्यासारखी होती. एवढ्याशा रकमेसाठी ते परवडत नाही, म्हणून एक्सचेंजवरच राहू दिलं. रक्कम लाखात असती तर मी फी भरून वॉलेटमध्ये नेलं असतं. पाठवताना पत्ता (समोरच्या वॉलेटचा नंबर) आणि नेटवर्क (नाणं ज्या साखळीवरून जातं ती) दोन्ही तंतोतंत जुळायला लागतात. बँकेत चुकीच्या खात्यात पैसे गेले तर निदान अर्ज करता येतो, इथं अर्ज कुणाकडे करणार?

खरेदी झाल्यावर लगेच मला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कोणीतरी घातलं. रोज सकाळी 'सर' सिग्नल देणार, रोज दोन टक्के. मी बाहेर पडले. महाराष्ट्रात हा धडा आधीच गिरवून झालाय. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत बिटकॉइन गुंतवा, दरमहा १० टक्के मिळतील, तेही १८ महिने, असं आमिष होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्या प्रकरणात अटक केली तोवर हजारोंचे पैसे अडकले होते. आताचे ठग जास्त सफाईदार आहेत. त्यांच्या ॲपमध्ये नफा वाढताना दिसतो आणि काढायला गेलं की 'आधी टॅक्स भरा' म्हणतात. आमच्या धंद्यातलं एक वाक्य इथं कामाला येतं: आयकर विभाग कधीही एक्सचेंजच्या खात्यात आगाऊ टॅक्स मागत नाही. कर आपण सरकारी चलान भरून देतो, किंवा विकताना टीडीएस कापला जातो.

मार्चमध्ये, आर्थिक वर्ष संपायच्या आत, मी २,००० रुपयांचं बिटकॉइन विकलं. भाव तोवर ७३ लाखांवर उतरला होता. लगेच २० रुपये टीडीएस कापला. हा नफ्यावर नाही, विक्रीच्या रकमेवर कापतात; तोटा झाला तरी कापतात. फी आणि जीएसटी जाऊन उरलेले रुपये ॲपच्या पाकिटात आले. ते बँकेत काढायला वेगळी विनंती टाकावी लागते, आणि पैसे त्या जोडलेल्या खात्यातच येतात, दुसरीकडे वळवता येत नाहीत. संध्याकाळी बँकेचा मेसेज आला. दोन हजारांना थोडे कमी होते, पण रुपया गेला तसा परत आला हे डोळ्यांनी बघितलं.

मग आमचा हंगाम. २०२५ मध्ये रिटर्नची मुदत जुलैऐवजी १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती, त्यामुळं माझं मी निवांत भरलं. २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, १९४एस या कलमाखाली ते २० रुपये दिसत होते. क्रिप्टो विकलेलं असलं की नोकरदारांचा सुटसुटीत आयटीआर-१, म्हणजे 'सहज', चालत नाही. आयटीआर-२ घ्यावा लागतो आणि त्यात व्हीडीएचं, म्हणजे क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेचं, शेड्यूल भरावं लागतं: कधी घेतलं, कधी विकलं, कितीला घेतलं, कितीला विकलं. प्रत्येक विक्रीची वेगळी ओळ. जी पोरं दिवसातून चाळीस वेळा घेणं-विकणं करतात, त्यांच्या ओळी भरताना आमची बोटं दुखतात, म्हणून सरांनी त्यांची फी वाढवली आहे.

माझी एकच ओळ. २,००० ला विकलेलं मला २,४३८ ला पडलं होतं, म्हणजे ४३८ रुपये तोटा. शेअरमधला तोटा पुढच्या वर्षी ओढता येतो. क्रिप्टोतला येत नाही. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य टाकायचं आणि ४३८ गंगेला मिळाले म्हणायचं. याच वर्षी दुसऱ्या नाण्यात नफा असता तर त्यातूनही तो वजा झाला नसता. ही गोष्ट लोकांना समजावताना घसा कोरडा पडतो. एका नाण्यात १०,००० मिळाले आणि दुसऱ्यात १०,००० गेले, तर घरी आलं शून्य, पण कर बसतो पहिल्या दहा हजारांवर: ३,००० आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे ३,१२०. खरेदीच्या किमतीशिवाय दुसरा कुठला खर्चही धरत नाहीत. नेटचं बिल नाही, कर्जाचं व्याज नाही.

"मग आईच्या नावावर घेतो ताई, तिला कुठं टॅक्स आहे?" हा ठरलेला प्रश्न. आईचं दुसरं काहीच उत्पन्न नसलं तरी या नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आहेत. बायकोला पैसे देऊन तिच्या नावावर घेतलं, तर तो नफा फिरून नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. शिवाय आईच्या नावानं ॲप काढलं की ओटीपी तिच्या मोबाईलवर आणि मान फिरवायची सेल्फीही तिलाच काढावी लागणार. एकानं खरोखर आईला समोर बसवून ते करून घेतलं. माउलीला वाटलं रेशन कार्डचं काहीतरी काम चाललंय.

माझे २० रुपये पगारावरच्या करात वळते झाले आणि रिटर्न प्रोसेस होऊन आलं. यूटीआर, ऑर्डरची पावती, ॲपनं दिलेला वर्षाचा अहवाल आणि बँकेचं स्टेटमेंट असं सगळं मी एका फाइलला लावून ठेवलंय. उरलेलं बिटकॉइन तसंच आहे. या वर्षी काही विकायचा विचार नाही, म्हणजे पुढच्या वेळी परत 'सहज' भरता येईल. आता कोणी ऑफिसात येऊन विचारलं की मी ॲपचं नाव सांगत नाही, आधी पॅन आणि पासबुक टेबलावर ठेवायला सांगते.